खंडेनवमीची नवी आयुधे

आश्विन शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. या दिवशी सुतार आपला रंधा आणि पटाशी, सोनार आपली हातोडी, शिंपी आपली कात्री, शेतकरी आपला विळा-कोयता स्वच्छ करून देवापुढे मांडतो. कारखान्यांतील यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, आणि घरची गृहिणी विळीलाही हळदकुंकू लावायला विसरत नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, घरातील लहान मूल पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढते आणि तिला फुले व आपट्याची पाने वाहते. आयुधाची पूजा आणि विद्येची पूजा आपल्या परंपरेने अशी एकमेकींना लागून ठेवली आहे. हातात आयुध असेल, तर त्यामागे विद्या हवी, हाच या शेजाराचा अर्थ असावा असे आम्हांस वाटते.

यंदा या अर्थाची नव्याने आठवण करून देण्याचे कारण असे की, अलीकडच्या वर्षांत दोन नवी आयुधे आपल्या गावांत आणि घरांच्या आसपास येऊन स्थिरावली आहेत. अनेक तरुणतरुणी ती हाताळू लागली आहेत. त्यांची पूजा सुरू झाली आहे; त्यांची विद्या मात्र अजून घरोघर पोहोचलेली नाही.

पहिले आयुध म्हणजे व्हिनाइल कापणारे यंत्र. रिक्षाच्या मागच्या काचेवरचे देवाचे नाव, दुचाकीच्या पाटीवरचे आकडे, दुकानाच्या दारावरची अक्षरे ही बहुधा याच यंत्रातून निघतात. बाजारात या कामाला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. त्या चिकटपट्टीत रेडियम धातूचा अंशही नसतो, हा भाग निराळा. यंत्राची रचना साधी आहे. रुळांच्या पकडीत चिकट पाठीचा पातळ पट मागेपुढे सरकतो, त्यावरून एक बारीक पाते डावीउजवीकडे धावते, आणि संगणकात काढलेली रेघ पटावर कापली जाते.

दुसरे आयुध लेसरचे. यात पाते नाहीच. काचेच्या नळीत कर्बद्विप्राणिद वायू, नायट्रोजन आणि हेलियम यांचे मिश्रण असते. विजेच्या दाबाने त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण निघतो. आरशांवरून वळत वळत तो एका भिंगापाशी येतो, आणि भिंग त्याला मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या दशांशाएवढ्या बिंदूत एकवटते. त्या बिंदूखाली आलेले लाकूड, कागद वा ॲक्रिलिक क्षणात जळून किंवा वितळून नाहीसे होते. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा खेळ ज्यांनी केला आहे, त्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

या दुसऱ्या आयुधाशी महाराष्ट्राच्या मातीचे एक नाते आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. जगातला पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली अमेरिकेत माणकाच्या स्फटिकापासून चालवून दाखवला. परंतु आज लाकूड आणि ॲक्रिलिक कापणाऱ्या बहुसंख्य लहान यंत्रांत जो कर्बद्विप्राणिद वायूचा लेसर असतो, तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधून काढला कुमार पटेल यांनी. पटेलांचा जन्म १९३८ साली बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली. पुढे १९६७ साली इंग्लंडमध्ये प्राणवायूच्या झोताची जोड देऊन लेसरने एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवण्यात आला, आणि प्रकाशाचे पाते कारखान्यात रुजू झाले. तेव्हा हे आयुध कोठून तरी परक्या देशातून आले, आपले त्याच्याशी काय देणेघेणे, असे म्हणण्याचे कारण नाही.

या यंत्रांविषयी आपल्या घरांतून दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, “यंत्राने कापलेल्या मखरात भक्ती कसली? हाताने केलेली आरास ती खरी.” तरुण मंडळी म्हणतात, “यात शिकण्यासारखे आहे तरी काय? चित्र संगणकात घातले आणि कळ दाबली की झाले.” गंमत अशी की, वरकरणी परस्परविरोधी वाटणारी ही दोन्ही मते एकाच समजुतीवर उभी आहेत. यंत्र आले की माणसाचे शिकणे संपले, ही ती समजूत. आमच्या मते ही समजूत साफ चुकीची आहे, आणि नवशिक्याच्या पहिल्या आठवड्यातच तिचा निकाल लागतो.

पहिला धडा रेघेचा. छायाचित्रात हजारो रंगबिंदू असतात. पाते मात्र बिंदूवरून चालत नाही, त्याला रेघ लागते. कोठून निघायचे, कोठे वळायचे आणि कोठे येऊन मिळायचे हे रेघेनेच कळते. पाटीवरची सरस्वती आठवा. तिच्यात रंग नाही, छाया नाही. नुसत्या रेघा आहेत, आणि तरीही ती सरस्वती आहे हे पाच वर्षांचे मूल ओळखते. कोणत्याही आकृतीतले हे रेघांचे सार काढता येणे हीच नवशिक्याची मुळाक्षरे होत. त्यासाठी ‘इंकस्केप’सारखी संगणकप्रणाली विनामूल्य मिळते आणि तीत देवनागरीही लिहिता येते.

आपल्या लिपीचे येथे काही स्वतंत्र कोडे आहे, ते इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. समजा, दारावर लावण्यासाठी घराचे नाव लाकडातून कापायचे आहे. रोमन अक्षरे सुटीसुटी पडतात. देवनागरीत शिरोरेखा सगळ्या शब्दाला हातात हात धरून उभे करते. मात्र अनुस्वाराचा टिंब त्या कुटुंबाबाहेर राहतो आणि गळून पडतो. ॐ कापताना त्याची चंद्रकोर आणि बिंदू निखळून हातात येतात; त्यांना मूळ अक्षराशी जोडणारा एक बारीक दांडा ठेवावा लागतो. आता याच अक्षरांचा रांगोळीसाठी छाप करायचा म्हटले, तर सारे उलटे होते. टिंब आणि चंद्रकोर आता नुसती भोके असल्यामुळे निर्धास्त राहतात. पण ‘व’ आणि ‘ब’ यांची पोटे गळून पडतात, कारण त्यांना धरून ठेवणारे काही उरत नाही. पत्र्याचे जुने रांगोळीचे छाप घरात असतील तर ते काढून पाहावेत. ज्या अनाम कारागिराने त्या पोटांना बाजूच्या पत्र्याशी जोडणारे चिंचोळे पूल ठेवले, त्याने हे कोडे यंत्र येण्यापूर्वीच सोडवले होते. यंत्र नवे असले तरी अक्कल जुनीच लागते, ती अशी.

दुसरा धडा हात राखण्याचा. व्हिनाइलच्या पटाला तीन थर असतात: वर रंगीत पापुद्रा, मध्ये गोंद आणि खाली गुळगुळीत कागद. पात्याने वरचा पापुद्रा कापला पाहिजे, आणि खालचा कागद शाबूत राहिला पाहिजे. हा पापुद्रा मिलिमीटरच्या एक दशांशाहूनही पातळ असतो. दाब कमी पडला तर अक्षर सुटत नाही, जास्त झाला तर कागदासकट सगळे फाटते. म्हणून जाणता कारागीर प्रत्येक नव्या पटावर आधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून पाहतो, तो नखाने उचलतो, खालच्या कागदावर पात्याचा नुसता ओरखडा उमटला आहे ना याची खात्री करतो, आणि मगच खरे काम लावतो. त्यानंतर चिमट्याने नको असलेला भाग निवडून काढायचा असतो. तांदूळ निवडणाऱ्या हातांना हे काम उपजतच साधते, आणि घाई करणाऱ्याच्या हाती अक्षराऐवजी चोथा येतो.

तिसरा धडा घटीचा. सोने घडवताना थोडे झिजून जाते, त्याला सोनार ‘घट’ म्हणतो आणि हिशेबात ती धरतो. लेसरचा किरणही ज्या रेघेवरून जातो, तेथला थोडा पदार्थ खाऊन टाकतो. ही घट किती, हे काढण्याची रीत अगदी सोपी आहे. दहा मिलिमीटर रुंदीच्या दहा पट्ट्या एकमेकींना लागून आखाव्यात, कापाव्यात आणि घट्ट शेजारी ठेवून मोजाव्यात. शंभर मिलिमीटर भरायला हव्या होत्या, अठ्ठ्याण्णवच भरल्या, तर दहा पट्ट्यांमागे दोन मिलिमीटर गेले. म्हणजे एका कापामागे ०.२ मिलिमीटर. आता तीन मिलिमीटर जाडीची फळी ज्या खाचेत बसवायची, ती खाच तीनची आखली तर कापल्यावर ३.२ची होते आणि सांधा डळमळतो. ती २.८ची आखावी, म्हणजे फळी खिळा आणि सरस यांवाचून घट्ट बसते. त्यातही बाजारात तीनची म्हणून मिळणारी फळी नेमकी तीनची असतेच असे नाही. ती व्हर्नियरने स्वतः मोजली पाहिजे. शक्ती किती ठेवावी, वेग किती ठेवावा, भिंगापासून फळी किती अंतरावर असावी, हे सारे असेच छोटे छोटे चौकोन कापून वहीत टिपून ठेवायचे असते. किरण संथ चालला तर कड करपते, वेगाने चालला तर काप आरपार जात नाही.

चौथा धडा विवेकाचा. आमच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा, आणि या लेखाचे खरे प्रयोजनही तोच. ही दोन्ही यंत्रे पुष्कळदा एकाच खोलीत शेजारी शेजारी उभी असतात. नवशिक्याच्या मनात साहजिकच येते की, पात्याने कापतो ते व्हिनाइल लेसरने आणखी सुबक कापले जाईल. येथेच अनर्थ आहे. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असते. लेसरच्या उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा वायू सुटतो. तो ओलाव्याला मिळाला की त्याचे आम्ल बनते. डोळ्यांची आग, घशाची जळजळ, फुप्फुसांना इजा हे त्याचे परिणाम. शिवाय यंत्राचे आरसे, भिंग आणि लोखंडी भाग गंजून जातात ते वेगळेच. एका यंत्राचे जे नित्याचे अन्न, ते दुसऱ्या यंत्राला आणि ते चालवणाऱ्या माणसाला विष आहे.

पीव्हीसी नेहमी आपल्या खऱ्या नावाने समोर येत नाही, ही यातली मेख. पिशव्यांचे व आसनांचे रेक्झीन पुष्कळदा पीव्हीसीचेच असते. फ्लेक्सच्या फलकावर तेच असते. सजावटवाल्यांकडचा हलका पांढरा फोम बोर्डही बहुधा त्याचाच असतो. थर्माकोल लेसरखाली वितळतो आणि पेट घेतो. दिसायला ॲक्रिलिकसारखाच स्वच्छ असणारा पॉलिकार्बोनेट कापला जाण्याऐवजी करपतो. म्हणून ज्या वस्तूची जात ठाऊक नाही ती लेसरखाली घालायची नाही, हा नियम पहिल्या दिवशी आणि हजाराव्या दिवशीही पाळावा लागतो. जे कापण्याजोगे आहे त्यालाही मर्यादा आहेतच. एमडीएफची फळी लाकडाच्या तंतूंची असली तरी ते तंतू बहुधा फॉर्माल्डिहाइडयुक्त राळेने जोडलेले असतात. तिचा धूर बाहेर नेणारा पंखा नसेल तर काम सुरूच करू नये. यंत्राचे झाकण उघडे ठेवून काम करू नये, कारण न दिसणारा किरण डोळा जायबंदी करतो. आणि यंत्र चालू असताना तेथून उठून जाऊ नये. चुलीवर दूध ठेवून गृहिणी जशी हलत नाही, तसे येथे बसून राहावे लागते. उतू गेले तर दूध जाते, येथे आग लागते. आग विझवण्याचे साधन हाताशी असलेच पाहिजे.

हे सारे सांगण्याचे कारण, आता ही यंत्रे मोठ्या कारखान्यांपुरती राहिलेली नाहीत. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आल्यानंतर गणपतीच्या मखरांसाठी लाकडी फळ्यांच्या कापीव नक्षीला मागणी वाढली. ती नक्षी कापण्याचे काम कित्येक ठिकाणी बंद गाळ्यात, अपुऱ्या पंख्याखाली, कोणाची तरी मुले करीत असतात. आपल्या देवघरातली जाळी रेखीव आहे, पण ती कापणाऱ्याच्या छातीत धूर भरला, तर त्या शोभेचे पुण्य कोणाच्या पदरी पडेल? मखर विकत घेणाऱ्याने हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा. आणि आपलाच मुलगा वा मुलगी हे काम शिकत असेल, तर “काय काय केलेस” या प्रश्नाआधी “धूर कुठे जातो” हा प्रश्न आईवडिलांनी विचारावा. ही काळजी भित्रेपणाची नव्हे, विद्येच्या आदराची आहे.

ही विद्या शिकायची कोठे? पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत करीत शिकावे, हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्र. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने २००२ साली तेथे फॅब लॅब उभी राहिली. जगात एमआयटीबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांत पाबळची गणना होते. एका खेडेगावाला हा मान मिळाला, ही आपणा सर्वांना भूषणाची गोष्ट आहे. या प्रयोगशाळांच्या जाळ्यातून ‘फॅब अकादमी’ नावाचा जो अभ्यासक्रम चालतो, त्यात कापण्याच्या यंत्रांसाठी एक आठवडा दिलेला असतो. त्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी आधी मिळून यंत्राची घट, शक्ती, वेग आणि सांध्यांची ढिलाई मोजायची; नंतर प्रत्येकाने व्हिनाइलवर काहीतरी कापायचे आणि एकमेकांत अडकणाऱ्या तुकड्यांचा एक संच लेसरवर तयार करायचा. वस्तू नंतर, मोजमाप आधी, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्यांना तेथवर जाणे शक्य नाही, त्यांनी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत चौकशी करावी. आणि पाते चालवण्याची विद्या तर कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्यापाशीही आहे. त्याच्यापाशी विनयाने बसून चार दिवस नुसते पाहिले, तरी पुष्कळ पदरात पडते. गुरूची खुर्ची कोठे असावी याचा नियम आपल्या परंपरेने कधीच केला नाही.

आता वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळू. यंत्राच्या आरासीत भक्ती कसली, असे ते विचारतात. दुकानातून आयते मखर उचलून आणले, तर त्यात भक्ती कमी पडते हे आम्हांसही मान्य आहे. मग ते हाताने केलेले असो वा यंत्राने. पण घरातल्या मुलीने देवघराचा कोनाडा स्वतः मोजला, वर्तमानपत्राच्या कागदावर आकृती बेतली, पुठ्ठ्यावर एकदा कापून पाहिली, घट धरून खाचा बदलल्या, आणि मग खिळ्यावाचून जुळणारे मखर उभे केले, तर तिच्या त्या पंधरा दिवसांना आपण काय म्हणणार? असे मखर विसर्जनानंतर मोडावे लागत नाही. खाचांतून सोडवून त्याच्या फळ्या एकावर एक रचायच्या, जुन्या धोतरात बांधून माळ्यावर कोरड्या जागी ठेवायच्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभ्या करायच्या. थर्माकोलने आपल्याला दरवर्षी फेकून देण्याची सवय लावली होती. सांधा जुळवण्याची विद्या आपल्याला पुन्हा जपून ठेवण्याची सवय लावू शकते. व्हिनाइल हे मात्र अखेर प्लास्टिकच आहे. ते दारावर, काचेवर, पेटीवर जेथे वर्षानुवर्षे टिकायचे तेथेच लावावे. मूर्तीला आणि विसर्जनाबरोबर पाण्यात जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला ते लावू नये.

तेव्हा यंदाच्या खंडेनवमीला ज्यांच्या घरी वा कार्यशाळेत ही यंत्रे असतील, त्यांना एक विनंती. गंधफूल वाहण्यापूर्वी यंत्र बंद करून त्याचे भिंग आणि आरसे योग्य रीतीने पुसावेत, धूर नेणाऱ्या नळीतली काजळी काढावी, खाली साचलेले जळके तुकडे झाडून टाकावेत, पाते बोथटले असेल तर बदलावे. हळदकुंकू यंत्राच्या बाहेरच्या अंगाला लावावे. आतल्या काचेला त्याचा कण लागला तरी ती नासते. निरांजन ओवाळून झाले की दूर ठेवावे. आपले कारागीर आयुध आधी घासूनपुसून, तेलपाणी करून मगच पूजेला मांडत आले आहेत. ते घासणेपुसणे हाच पूजेचा पहिला उपचार होता.

आणि ज्यांच्या घरी यंत्र नाही, पण शिकण्याची इच्छा असलेले मूल आहे, त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर आरंभ करावा. दसरा ते लक्ष्मीपूजन यांत वीस दिवस असतात. व्हिनाइल कापणाऱ्या यंत्रावर चिकट पाठीच्या पटावर बसवून जाड कागदही उत्तम कापता येतो. त्यातून आकाशकंदिलाची एक पाकळी मुलाने स्वतः आखावी, कापावी, बिघडली तर का बिघडली ते वहीत लिहावे आणि पुन्हा कापावी. वीस दिवसांत एक कंदील होईलच. तो बाजारातल्या कंदिलाइतका झळाळणार नाही कदाचित. पण त्याची प्रत्येक रेघ कोठून निघाली आणि कोठे मिळाली, हे त्या घराला ठाऊक असेल. पाटीवर एकाच्या आकड्यांनी जी विद्या आपण मुलाच्या हाती दिली, तिचाच हा पुढचा पाठ आहे. आयुध आणि विद्या यांची संगत या घरांतून अखंड राहो, हीच विजयादशमीच्या निमित्ताने प्रार्थना.